इंद्रधनुष्याची भेटकार्डं, ठसे आणि शाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डोंबिवलीला घरीच भेटकार्डांचे छोटे वर्ग घेते, आणि त्यातला सगळ्यांचा लाडका विषय म्हणजे इंद्रधनुष्य. त्यावरचे प्रश्न मग वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात, राखी जवळ आली की वाढतात, संक्रांतीला अजून वाढतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवलंय. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे पुढे अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

१. ताई, एकदम पहिल्यापासून सुरुवात करायची आहे, काय काय आणू?

कमीत कमी आणा. तीन रंगांची इंक पॅड (कुठले तीन ते प्र. २ मध्ये), एक काळं पॅड, एक-दोन ठसे, जाड कागद आणि रंग लावायला मेकअपचे स्पंज. ठसा पारदर्शक असेल तर तो चिकटवायला अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा लागतो, पण तो मिळेपर्यंत जुन्या सीडीचं कव्हर वापरा, सपाट आणि आरपार दिसणारं असलं की झालं. ठसा मारताना कागदाखाली माऊस पॅड किंवा जुनं मासिक ठेवायचं. दुकानात चोवीस रंगांचा सेट बघितला की मोह होतो हे मला माहितीये, मी पण घेतला होता, त्यातले सात-आठ रंग वापरले गेले आणि बाकीचे डबीतच वाळले.

२. इंद्रधनुष्यात सात रंग असतात, मग तीन पॅडमध्ये कसं भागणार?

भागतं, आणि सात वेगळ्या पॅडांपेक्षा सुंदर दिसतं, हे मी मनापासून सांगते. तीन रंग नेमके हे घ्यायचे: राणी कलर, लिंबासारखा पिवळा आणि फिरोजी निळा. छापखान्यात पण याच तीन रंगांवर (आणि काळ्यावर) सगळी रंगीत चित्रं छापतात. लोक इथे साधा लाल आणि गडद निळा घेतात आणि मग जांभळा मेलेला का येतो म्हणून विचारतात, तर त्या दोघांचा जांभळा तसाच मळका येतो. राणी आणि फिरोजीचा मात्र जांभूळ पिकल्यावर असतो तसा स्वच्छ येतो.

आता कागदावर कसं करायचं ते बघा. कागद आडवा धरा, डावीकडून उजवीकडे जायचंय. आधी पिवळा, डाव्या कडेपासून अर्ध्यापर्यंत, हलका हलका. मग डाव्या कडेवरूनच राणी, कडेला दाट आणि आत येताना विरळ. दाट जागी तांबडा दिसायला लागतो, विरळ होत जातो तिथे नारिंगी, आणि त्याच्या पुढे नुसता पिवळा राहतो. मग फिरोजी घ्या, पिवळा संपायच्या दोन बोटं आधीपासून उजव्या कडेपर्यंत, म्हणजे जिथे दोघं एकमेकांवर येतील तिथे हिरवा. शेवटी उजव्या कडेवर परत राणी, अगदी थोडा, की निळ्याचा पारवा आणि पारव्याचा जांभळा होतो. तो हिरवा पहिल्यांदा उगवताना बघायचा असतो, स्पंज गोल गोल फिरत असतो आणि चौथ्या-पाचव्या फेरीला पिवळ्यातून एकदम कोवळ्या पानाचा रंग वर येतो, वर्गातली मुलं दर वेळी ओरडतात.

हे जमतं डाय इंकने, कारण ती पारदर्शक असते. पिगमेंट इंक दाट असल्यामुळे खालचा रंग झाकते (फरक प्र. ७ मध्ये).

३. रंगांचा क्रम नक्की कुठला? वर लाल की वर जांभळा?

शाळेतलं तानापिहिनिपाजा आठवा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. तांबडा बाहेरच्या म्हणजे वरच्या कडेला, जांभळा सगळ्यात आत. पारवा कुठला ते कळत नसेल तर पारव्याच्या मानेवरची गडद निळसर झाक डोळ्यासमोर आणा.

एक अपवाद आहे. दुहेरी इंद्रधनुष्य काढत असाल तर बाहेरचं जे फिकट धनुष्य असतं त्यात क्रम उलटा होतो, तिथे तांबडा आत आणि जांभळा बाहेर. दोन्ही धनुष्यांचे तांबडे पट्टे समोरासमोर येतात आणि त्यांच्या मधलं आकाश जरा काळपट दिसतं. आतल्या धनुष्याच्या पोटातलं आकाश उलट जास्त उजळ असतं. कार्डवर आतला भाग कोराच ठेवून बाहेर अगदी पुसट राखाडी फिरवलीत ना, तर बघणाऱ्याला कारण कळत नाही पण चित्र खरं वाटतं.

४. कार्डवर सूर्य पण हवाय, इंद्रधनुष्याच्या शेजारी काढला तर चालेल?

मुलं काढतात तेव्हा मी काही बोलत नाही. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगते, सूर्य आणि इंद्रधनुष्य एकाच बाजूला कधीच नसतात. सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि धनुष्य समोर. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की जमिनीवरून धनुष्य दिसतच नाही, म्हणून श्रावणात आपल्याकडे ते साधारण सकाळी नऊच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर दिसतं. मग कार्डवर सूर्य कसा आणायचा? पुढच्या पानावर इंद्रधनुष्य आणि कार्ड उलटं केलं की मागच्या पानावर सूर्य. मी माझ्या आत्याच्या पंच्याहत्तरीला असं केलं होतं. ती भूगोल शिकवायची, तिने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "बरोब्बर आहे गं."

५. कागद कुठला घ्यायचा? साध्या कार्डशीटवर रंग डागाळतो.

शाळेत प्रोजेक्टला वापरतात ते रंगीत कार्डशीट पातळ आणि फार शोषणारं असतं, स्पंज टेकला की तिथेच रंग पिऊन टाकतं, फिरवायला वेळच मिळत नाही. २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड) गुळगुळीत पांढरा कागद घ्या, स्टेशनरीवाल्याकडे आयव्हरी शीट म्हणून मागा. चकचकीत कोटिंग असलेला नको, त्यावर शाई वाळत नाही आणि बोट लागलं की निघते. पाण्याने रंगवणार असाल तर ३०० जीएसएमचा वॉटरकलर कागद.

हातकागद पण छान दिसतो, पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे, तिथला कागद एकदा हातात घेऊन बघाच. फक्त त्याचा पोत खडबडीत असतो त्यामुळे बारीक रेषांचा ठसा तुटक येतो, ढग, पान, थेंब असे भरीव ठसे त्यावर मारा.

मापाचं सोपं आहे. ए-फोर कागद मधोमध कापला की २१० बाय १४८ मिमीचे दोन तुकडे, प्रत्येकाची १०५ मिमीवर घडी, दोन कार्डं तयार. त्याला सी-६ पाकीट बसतं, ११४ बाय १६२ मिमी.

६. घडी घातली की कडेला कागद फाटल्यासारखा होतो, का?

कागदाला धागा असतो, कापडासारखाच. घडी धाग्याच्या आडवी गेली की फुटते. कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो ती घडी. आणि नुसती हाताने घडी घालू नका, आधी पट्टी लावून बंद झालेल्या बॉलपेनने एक दाबरेष ओढा.

७. डाय इंक आणि पिगमेंट इंक, दोन्ही शाईच ना? फरक काय पडतो?

डाय इंक कागदात मुरते, लवकर वाळते, पारदर्शक असते आणि उन्हात उडते. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे कण असतात, ते कागदाच्या वर बसतात, वाळायला वेळ लागतो, गडद कागदावर पण दिसते आणि जास्त टिकते. उशिरा वाळते म्हणूनच तिच्यावर एम्बॉसिंग पावडर, म्हणजे गरम केली की वितळणारी पावडर, चिकटते (प्र. १७).

रंगांच्या छटा मिसळायला मला डिस्ट्रेस प्रकारच्या शाया आवडतात, त्या जरा वेळ ओल्या राहतात आणि पाण्याचा थेंब पडला की पसरतात. डिस्ट्रेस ऑक्साईड डाय आणि पिगमेंट दोन्ही मिळून केलेली आहे, तिचा रंग खडूसारखा मऊ दिसतो. तिसरा प्रकार सॉल्व्हंटवाला, स्टेझऑनसारखा, तो प्लॅस्टिक आणि काचेवर मारायचा, इंद्रधनुष्याच्या कामाला लागत नाही.

८. घरी ऑफिसचं स्टॅम्प पॅड आहे, ते वापरलं तर?

अक्षरांना चालेल. पण ती शाई कागदावर पसरते आणि पाणी लागलं की जांभळं तळं होतं. शिवाय ऑफिसच्या पॅडमध्ये पिवळा सहसा मिळत नाही, आणि पिवळ्याशिवाय इंद्रधनुष्य अर्धं. त्यापेक्षा घरीच पॅड करा: भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा झाकणाच्या डबीत बसवा, त्यावर वॉटरकलर घट्टसर कालवून ओता आणि ग्लिसरीनचे दोन थेंब टाका, ग्लिसरीनने तो ओलसर राहतो. मुलांच्या कामाला उत्तम.

९. रंग मिसळताना मध्येच मातकट तपकिरी होतं, काय चुकतंय?

समोरासमोरचे रंग एकमेकांवर जातायत. तांबड्यावर हिरवा गेला की तपकिरी, पिवळ्यावर जांभळा गेला की चिखल, नारिंगीवर निळा गेला तरी तेच. इंद्रधनुष्यात निसर्गानेच शेजारी असे नेमलेत की क्रम पाळला तर कुठेच चिखल होत नाही, चूक होते ती स्पंजमुळे. तांबड्याचा स्पंज घाईत हिरव्यात फिरवला की संपलं. प्रत्येक रंगाला वेगळा स्पंज ठेवा आणि त्याच्या पाठीवर पेनने रंगाचं नाव लिहा. आणि फिकटाकडून गडदाकडे जा, पिवळा नेहमी पहिला, कारण पिवळं पॅड एकदा मळलं की त्यातून परत स्वच्छ पिवळा निघत नाही.

१०. स्पंजचे गोल डाग आणि कडा दिसतात, गुळगुळीत येत नाही.

पॅडवरून उचललेला स्पंज सरळ कागदावर टेकवताय. आधी कागदाच्या बाहेर, खालच्या मासिकावर दोन-तीन वेळा फिरवा, जास्तीची शाई तिथे जाऊ दे, आणि गोल गोल फिरवत फिरवतच बाहेरून कागदावर या. हात एकदम हलका, टेबल पुसताना सुद्धा आपण जास्त जोर लावतो. पहिल्या फेरीला काही दिसणार नाही, दिसायला नकोच. सहा-सात फेऱ्यांत रंग चढू द्या. माझ्याकडे एका कार्डाला वीस मिनिटं नुसती यात जातात आणि तीच मला सगळ्यात प्रिय आहेत. मेकअपचा दाट केसांचा ब्रश असेल तर स्पंजपेक्षा पण छान येतं.

११. कमानी गोल कशा काढू? माझ्या वाकड्यातिकड्या येतात.

तीन रस्ते आहेत.

पहिला, कंपासने. कार्ड आडवं ठेवा (१४८ मिमी रुंद), तळापासून दोन सेंटीमीटरवर मध्यबिंदू घ्या, सगळ्यात बाहेरची त्रिज्या ६५ मिमी आणि मग दर ७ मिमीला एक, ५८, ५१, ४४, ३७, ३०, २३, शेवटची १६. सात पट्टे बरोबर बसतात. पेन्सिल अगदी हलकी ठेवा आणि रंग लावायच्या आधी खोडरबराने जेमतेम दिसेल इतकी पुसट करा, शाई बसल्यावर खालची पेन्सिल खोडली जात नाही.

दुसरा मला जास्त आवडतो. एका वेगळ्या कागदातून नुसती मोठी कमान कापून टाका, बाहेरची कड छोट्या ताटलीने आणि आतली वाटीने आखायची. ते भोक कार्डावर ठेवून आतून रंग लावा, एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे, प्र. २ सारखंच पण वळणावळणाने. कागद उचलला की कमानीची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ निघते.

तिसरा मुलांसाठी: पेन्सिलच्या मागचं खोडरबर पॅडवर टेकवायचं आणि ठिपके मारत जायचं, सात रंगांच्या सात ओळी. ठिपके जरा इकडेतिकडे झाले तरी शोभतात.

कमानीच्या टोकांना ढग हवे असतील तर आधी कागद हाताने फाडून ढगाचा आकार करा आणि तो तिथे चिकटवून ठेवा, थोडाच चिकट राहिलेला टेप वापरा (नवीन टेप कपड्याला एकदा चिकटवून काढा म्हणजे कार्ड सोलत नाही). रंग झाल्यावर काढला की खाली पांढराशुभ्र ढग.

१२. एकाच पॅडमध्ये सगळे रंग असलेलं रेनबो पॅड घेऊ का?

मोठ्या ठशाला मजा येते, एका दाबात सगळे रंग. पण ठसा दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने टेकवावा लागतो, नाहीतर रंग एकमेकांत जातात. पॅड कायम सपाट ठेवायचं, उभं ठेवलं की शाई वाहून मधले रंग बिघडतात. काही पॅडांच्या पट्ट्या सरकवून वेगळ्या करता येतात, तसं मिळालं तर तेच घ्या.

१३. नवीन ठसा अर्धाच उमटतो, मध्ये पांढरे डाग राहतात.

नव्या पारदर्शक ठशावर कारखान्यातला तेलकट थर असतो, त्यावरून शाई घरंगळते. साध्या खोडरबराने त्याचा चेहरा हलकेच घासा, दोन-तीनदा स्क्रॅप कागदावर मारा, मग कार्डाला हात लावा. ठसा उलटा करून पॅड त्याच्यावर टेकवत शाई लावा, म्हणजे कुठे लागली नाही ते दिसतं. तरी अर्धवट आला आणि ठसा हलला नसेल तर त्याच जागी परत दाबा. हे हाताने अवघड जातं म्हणून झाकणाचं स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म मिळतं, महाग वाटलं तरी ज्यांना एकसारखी पन्नास कार्डं करायचीत त्यांनी घ्यावंच.

१४. मराठी मजकुराचे ठसे कुठे मिळतात? सगळीकडे इंग्रजीच दिसतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जवळचा पण आहे, कारण आजीला पाठवलेल्या कार्डावर इंग्रजी मजकूर बघून मलाच कसंतरी व्हायचं. उपाय आपल्या गल्लीतच आहे. कोर्टाजवळ, तहसील कचेरीजवळ जे रबरी शिक्के बनवणारे बसतात ना, तेच. सोसायटीचा शिक्का करतात तसाच ते "खूप खूप शुभेच्छा" चा करून देतात.

काही गोष्टी मात्र सांगून करून घ्या. मजकूर टाईप करून मेसेजवर पाठवू नका, त्यांच्याकडे बऱ्याचदा श्रीलिपीसारखे जुने फाँट असतात आणि युनिकोडमधला मजकूर तिथे गेला की जोडाक्षरं फुटतात. तुमच्या आवडीच्या फाँटमध्ये लिहून पीडीएफ करा किंवा हाताने काळ्या पेनने लिहून स्कॅन करा. माझा पहिला शिक्का असाच बिघडला होता, "शुभेच्छा" मधलं च्छ पाय मोडून वेगळं पडलं होतं, आणि प्रूफ न बघता मी पैसे देऊन आले होते. प्रूफ बघा. आपोआप शाई येणारा शिक्का घेऊ नका, त्यात एकच रंग अडकून राहतो, दांड्याचा साधा रबरी ठसा मागा, म्हणजे त्यावर तुम्हाला हवे ते रंग लावता येतात.

फाँट जाडसर निवडा, पण क, ष, ळ यांची पोटं मोकळी असू द्यात नाहीतर शाई भरून नुसते काळे गोळे दिसतात. आणि शिरोरेघ हे मराठी ठशाचं सगळ्यात नाजूक ठिकाण. वरच्या कडेला ती लांबच लांब रेघ असल्यामुळे हात जरा खाली कलला की रेघ पुसट आणि पाय दाट. ठसा टेकवल्यावर वरच्या कडेवर बोटाने एकदा मुद्दाम दाबा.

स्वतः खोडरबरावर कोरणार असाल तर अक्षरं उलटी कोरायची असतात. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने सरळ लिहा, पेन्सिलची बाजू रबरावर पालथी ठेवून चोळा, आपोआप उलटी उमटतात.

१५. पाच-सहा वर्षांच्या मुलांना घेऊन करायचंय, ठसे तर महाग आहेत.

आपण सगळे शाळेत ठसेकाम केलेले लोक आहोत, तेच करा. भेंडी आडवी कापली की पाच-सहा पाकळ्यांचं फूल, बटाट्याचा ढग, कांद्याच्या अर्ध्या तुकड्यात तर कमानीत कमान तयारच असते, पाकळी पाकळीला वेगळा रंग लावला की छोटं इंद्रधनुष्यच. भेंडी कापून तासभर आधी ठेवा आणि कापडावर टेकवून चिकटपणा घालवा, ओली वापरली की रंग वाहतो. बटाटा पण कापल्यावर पुसून घ्या. रंग ब्रशने लावायचा, पॅडमध्ये भाजी बुडवायची नाही. मुलांना क्रमाचा हट्ट करू नका, एवढंच.

१६. आधी काळा ठसा मारू की आधी रंग? माझी काळी शाई रंगवताना पसरली.

स्पंजने रंग करणार असाल तर आधी रंग, पूर्ण वाळू द्या, मग काळा ठसा. उलट चित्राची बाह्यरेषा मारून आतून रंगवायचं असेल तर कशाने रंगवताय त्यावर शाई ठरते. अल्कोहोल मार्कर असतील तर मेमेंटोसारखी पाण्याची डाय इंक. वॉटरकलर असतील तर व्हर्साफाईनसारखी, जी वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. दोघांची अदलाबदल केली की हमखास पसरतं. कोपऱ्याच्या तुकड्यावर आधी करून बघा.

१७. रंगावर पांढरी अक्षरं कशी आणतात? आणि एम्बॉसिंगला हेअर ड्रायर चालतो का?

अक्षरं पांढऱ्या शाईची नसतात, खालचा कोरा कागदच असतो तो. व्हर्सामार्कसारख्या चिकट पारदर्शक शाईने कोऱ्या कागदावर ठसा मारा, पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाका, झटका, गरम करा, पावडर वितळून काचेसारखी होते. आता त्यावरून सगळं इंद्रधनुष्य फिरवा. वितळलेल्या भागावर शाई बसत नाही, शेवटी टिश्यूने पुसलं की रंगांमधून पांढरी अक्षरं वर येतात. शाळेत मेणबत्तीने लिहून वर रंग फिरवायचो तेच तत्त्व. ठसा मारायच्या आधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवा, म्हणजे नको तिथे कण चिकटत नाहीत.

हेअर ड्रायर चालत नाही. त्याची हवा जोरात आणि उष्णता कमी, पावडर वितळायच्या आधी उडून जाते. हीट गन लागते. नसेल तर गरम इस्त्री कोणाला तरी उलटी घट्ट धरायला सांगून तिच्यावर चार बोटं वर कार्ड धरा, छापील बाजू वर. मुलांना हे देऊ नका.

१८. जुलैमध्ये केलेली कार्डं आठवडाभर वाळली नाहीत, काय करू?

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे होणारच. कागद आधीच दमट असतो, पिगमेंट इंक तर वाळायचं नाव घेत नाही. कागद वापरायच्या आधी रात्रभर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा (नवीन चपला-पर्समध्ये येतात त्या जपून ठेवायच्या). एम्बॉसिंग पावडरच्या डबीत पण एक पुडी ठेवा, नाहीतर गाठी होतात. या दिवसांत डाय इंकच वापरा आणि वाळल्याशिवाय कार्डं एकावर एक रचू नका. मागच्या वर्षी राखीची अकरा कार्डं मी घाईने रचली, आणि सगळ्यांच्या पाठीवर दुसऱ्याचं इंद्रधनुष्य उमटलं, परत करावी लागली. कागद लाटेसारखा वाकला असेल तर जाड पुस्तकाखाली दोन दिवस.

१९. शाईचा डाग पडला किंवा ठसा वाकडा आला, कार्ड टाकून द्यायचं?

मुळीच नाही. डागावर ढग चिकटवा, ढग कुठेही शोभतो. ठसा वाकडा असेल तर मजकूर वेगळ्या पट्टीवर मारून वरून चिकटवा. अगदीच बिघडलं तर रंगवलेला भाग पातळ पट्ट्यांत कापा आणि नव्या कोऱ्या कार्डावर थोडं थोडं अंतर सोडून लावा, माझी काही सगळ्यात चांगली कार्डं अशी झालीत. पाण्याने पसरणारी शाई असेल तर डागाभोवती मुद्दाम पाणी शिंपडा, पाऊस होतो.

२०. हळद, बीट असे घरचे रंग वापरले तर?

दिसतात सुंदर, टिकत नाहीत. हळद उन्हात काही दिवसांत उडते आणि साबणाचा हात लागला तर लाल होते, बीट तपकिरी पडतं. लगेच हातात द्यायच्या कार्डाला वापरा, जपून ठेवायच्या नको.

२१. मैत्रिणीच्या मुलाला प्राईडसाठी कार्ड द्यायचंय, सातच पट्टे काढू ना?

नाही, सहा. प्राईडचा झेंडा, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा एलजीबीटी लोकांचा झेंडा, आकाशातल्या इंद्रधनुष्यापेक्षा वेगळा आहे. गिल्बर्ट बेकर या अमेरिकन कलाकाराने १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो केला तेव्हा आठ पट्टे होते, पुढच्याच वर्षी सहा झाले: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पारवा नाही. पट्टे आडवे सरळ, तांबडा वर, आणि रंग एकमेकांत न मिसळता कडा स्पष्ट ठेवा, म्हणजे टेप लावून एकेक पट्टा करा. आतला मजकूर रोजच्या प्रेमाने लिहा, उपदेश नको, समजावणं नको. तुम्ही कार्ड करताय यातच त्याला सगळं पोचणार आहे.

२२. पोस्टाने पाठवलं तर खराब होईल का? तिकीट किती लागेल?

पोस्टाच्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो, म्हणून आधी वजन करा. ३०० जीएसएमचं कोरं कार्ड साधारण सव्वानऊ ग्रॅम, वर अजून एक थर चिकटवला तर पावणेपाच, पाकीट चार-पाच ग्रॅम, म्हणजे कसंबसं २० च्या आत. मणी-टिकल्या लावल्या की बाहेर. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बघा आणि जास्त असेल तर पोस्टात विचारून तिकीट लावा, नाहीतर घेणाऱ्याला दंड भरावा लागतो. चित्रावर बटर पेपरचा तुकडा ठेवा म्हणजे घासलं जात नाही. पत्ता बॉलपेनने, जेल पेनने लिहिलेला पावसात जातो.

पूर्वी संक्रांतीला कार्डाबरोबर तिळगुळाची पुडी पाकिटातून यायची, रंगीत काटेरी हलवा. माझ्या मामाच्या पाकिटातला हलवा कायम चुरा होऊन यायचा आणि तो आम्ही बोट लावून चाटायचो. मी अजून पाठवते, हलवा छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पसरून सपाट करायचा, एका जागी गोळा होऊ द्यायचा नाही.

२३. कार्डं विकायला लागले तर ठशाच्या कंपनीची परवानगी लागते का?

ठशावरचं चित्र कोणीतरी काढलेलं असतं, त्याचा हक्क त्यांचा. बऱ्याच कंपन्या हाताने ठसा मारून केलेली कार्डं विकायला परवानगी देतात, पण तेच कार्ड स्कॅन करून प्रिंट काढून विकायला देत नाहीत. प्रत्येकीचे नियम वेगळे, पाकिटावर किंवा त्यांच्या साईटवर वाचा. स्वतः कोरलेल्या किंवा स्वतःच्या अक्षरातल्या ठशाला (प्र. १४) हा प्रश्नच येत नाही.

२४. ठसे धुवायचे कसे? माझे पिवळे पडलेत.

पारदर्शक ठसे थोडे पिवळे किंवा रंगीत होतातच, काम तसंच करतात. वापरल्या वापरल्या ओल्या फडक्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या बेबी वाईपने पुसा. सॉल्व्हंट क्लीनर पारदर्शक ठशांना लावू नका, ते चिकट होतात. लाकडावर चिकटवलेला रबरी ठसा पाण्यात बुडवायचा नाही, गोंद सुटतो. सगळे उन्हापासून लांब, आणि डाय इंकची फेल्टची पॅड पालथी ठेवा म्हणजे शाई वर राहते (रेनबो पॅड सोडून, ते प्र. १२ प्रमाणे सपाट आणि सरळ).

२५. फ्रेम करून भिंतीवर लावलं तर रंग किती टिकेल?

डाय इंकचं असेल तर खिडकीसमोर लावू नका, राणी आणि जांभळा आधी फिके पडतात. आतल्या भिंतीवर, थेट ऊन येत नाही तिथे लावा. मुद्दाम फ्रेमसाठीच करत असाल तर पिगमेंट इंकची सात पॅड घ्यावी लागतील, कारण तिथे तीन रंगांची युक्ती नीट चालत नाही. आणि ज्यांना कार्ड मिळालंय त्यांनी ते पुस्तकात, अंधारात ठेवलं तर डाय इंक पण वर्षानुवर्षं तशीच राहते, आत्याने ते पंच्याहत्तरीचं कार्ड अ‍ॅटलासमध्ये ठेवलंय, मागच्या महिन्यात बघितलं, हिरवा अजून तसाच कोवळा आहे.